जयसिंगच्या डोक्याची मागची बाजू

काळेवाडीत एक काळ असा होता की चाळीतल्या कुठल्याही पोराच्या नाकाला कुणी छान म्हटलं, की त्याची आई लगेच सांगायची, "कस्तुरामावशीच्या हातचं हाय." एकदा तर मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं मुलीच्या आजीनं हेच सांगितलं, आणि मुलाची आई म्हणाली, "मग पोरीसंगं मावशीलाबी धाडा." लग्न जमलं. पहिल्या बाळंतपणाला कस्तुराला खरोखरच एसटीनं शिरूरला नेलं, आणि येताना तिला लुगडं आणि एक पायली हुलगे मिळाले.

कस्तुरा बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायची. हे मूळ तिच्या आईचं काम. चाकणच्या पुढं, भामा नदीच्या काठच्या गावात आईनं दोन पिढ्यांची डोकी घडवली होती. घडवली हाच शब्द. पाटावर बसून पाय लांब करायचे, पिंडऱ्यांवर बाळाला घ्यायचं, तेल कोमट करून टाळू भरायची. मग अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत नाकाचं हाड वरून खाली हलकेच ओढायचं, तळव्याच्या उंचवट्यानं कपाळ मधून दोन्ही कानशिलांकडं सारायचं, आणि शेवटी दोन्ही ओंजळींत डोकं धरून चारी बाजूंनी सारखं करायचं. आई म्हणायची, "सव्वा महिना डोकं मातीचं असतं. त्यात काय करायचं ते करून घे. मग त्याची वीट हुती."

नवरा साठ साली तापानं गेला तेव्हा कस्तुराच्या पदरात दोन मुली होत्या. तिकडं चिंचवडला कारखाने उभे राहत होते. तिच्या गावची भिमाबाई लग्न होऊन काळेवाडीला आली होती, नवरा भिवा एका कंपनीत हेल्पर. तिच्या ओळखीनं कस्तुरानं शेजारची पत्र्याची खोली घेतली. दोघींच्या मध्ये एक भिंत, तीही अशी की इकडं चमचा पडला तर तिकडची बाई दचकायची.

बासष्ट सालच्या थंडीत भिमाबाईला पहिला मुलगा झाला. जयसिंग. कस्तुरानं बारशापर्यंत रोज न्हाऊ घातलं. नाक तर असं उतरलं की भिवा येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचा. बारशाच्या दुसऱ्या दिवशी, जिथं तिनं कामासाठी नाव घालून ठेवलं होतं त्या फौंड्रीतून निरोप आला, बायका घ्यायच्या आहेत, उद्यापासून सातच्या शिफ्टला या.

काम गाभ्याचं होतं. ओतकामात धातू जिथं जायला नको, तिथं आधी वाळूचा गोळा ठेवावा लागतो. नळाला भोक हवं, पंपाला पोट हवं, तर ते भोक आणि ते पोट आधी वाळूत करावं लागतं. कारखान्यात त्याला कोअर म्हणत, जुने ओतारी गाभा म्हणत. बारीक वाळूत काकवी आणि जवसाचं तेल कालवायचं, लाकडी पेटीत ठासायचं, जोर यावा म्हणून आत तारा घालायच्या, वाफ निघायला सुईनं वाटा ठेवायच्या, मग भट्टीत भाजायचं. भोवती धातू ओतला आणि थंड झाला, की तोच गाभा फोडून झटकून टाकायचा. बायकांचा हात हलका म्हणून हे काम बायकांकडं. कस्तुराचा हात तर काय, पहिल्याच आठवड्यात सुपरवायझर म्हणाला, "बाई, तुम्ही आधी कुठं होता?" ती म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत." तो बिचारा कान लाल करून निघून गेला.

पण संध्याकाळी तेच हात घरी यायचे. काकवी नखांत बसलेली, वाळूनं बोटांची सालं निघालेली. पहिल्या संध्याकाळी तिनं जयसिंगला घेतलं आणि त्याच्या कपाळावर लाल ओरखडा उठला. पोर असं किंचाळलं की भिवा बाहेरून धावत आला.

"आक्का, आज राहू दे," भिमाबाई हळूच म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी कस्तुरानं अर्धा तास हात गरम पाण्यात धरून पाहिले. तिसऱ्या संध्याकाळी ती गेली नाही. "पंधरा दिसांत हात सरावतील, मग येते. तवर तू घाल," असं सांगितलं. डोक्याखाली ठेवायला मोहरीची उशी शिवून देते, असंही म्हणाली. मग ओव्हरटाइम लागला. उशीचं कापड कापून तसंच राहिलं. भिमाबाईला टाळूला हात लावायचीच भीती वाटे, ती वरवर पाणी घालून पोराला गुंडाळून ठेवी. कस्तुराचे हात सरावले तोवर दोन महिने होऊन गेले होते. तिनं जयसिंगला ओंजळीत घेतलं, बोटं मागं गेली आणि तिथंच थांबली. डाव्या कानामागं डोकं पाट्यासारखं सपाट झालं होतं. तिनं दाबून पाहिलं. वीट झाली होती.

भिमाबाई काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, पुढंही कधी नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं कस्तुराला अठरा वर्षं वाटत राहिलं.

शाळेत पोरं त्याला चपट्या म्हणायची. जयसिंगला त्याचं काही नव्हतं. "तुमची डोकी घरंगळत्यात," तो म्हणायचा, "माजं भिंतीला नीट बसतं." टोपी घातली की ती उजवीकडं कलायची, तर त्यानं ती मुद्दामच आणखी कलती घालायला सुरुवात केली. पुढं आयटीआयला फिटरच्या ट्रेडला गेला तेव्हा चार पोरं त्याच्यासारखी कलती टोपी घालून फिरताना दिसायची. कस्तुराच्या घरी पाणी भरून द्यायचा, रॉकेलच्या रांगेत तिचा डबा धरायचा. तो डबा उचलून पाठमोरा निघाला की ती चुलीकडं वळायची. नोकरी सांभाळून तिनं पुढं शंभरावर बाळं न्हाऊ घातली. रोज रात्री हाताला तूप चोळून फडकी बांधून झोपायची, आणि कुठल्याही बाळाचं डोकं मागून जरा जास्तच वेळ ओंजळीत धरायची.

एक्याऐंशीच्या पावसाळ्यात पवनेला पाणी चढलं होतं. पलीकडून शाळा सुटून येणारी चाळीतली दोन पोरं फरशीपुलावर सापडली. जयसिंग घाटावर होता. त्यानं दप्तर ठेवलं, सदरा काढून त्याच्यावर ठेवला आणि उतरला. पहिलं पोर काठाला आणून दिलं. दुसऱ्याला बाभळीच्या फांदीपर्यंत लोटलं, तिथून लोकांनी ओढून घेतलं. त्याच्यासाठी दोर टाकला तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी खाली दूरवर सापडला. ओळख पटवायला भिवा गेला. परत आल्यावर त्यानं भिमाबाईला चेहरा पाहू दिला नाही. तिनं लेकाला शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी दारातून बाहेर पडताना, पाठमोरं.

वर्षाच्या आत त्याचा अर्धपुतळा समाजमंदिरासमोर बसवायचा, असं चाळीनं ठरवलं. वाचलेल्या दोन पोरांच्या आयांनी सगळ्यांत आधी आपापली पितळेची घागर आणून ठेवली. मग घरोघरचे तांबे, ताटल्या, मोडकी समई, फौंड्रीतल्या यंत्रांचे झिजलेले पितळी बुश असा ढीग झाला. मालकानं गुरुवारच्या सुट्टीला भट्टी वापरायला परवानगी दिली. ओतायचं काम ज्योतीरामनं अंगावर घेतलं. तो कस्तुराच्या फौंड्रीतला जुना मोल्डर, बोलायला फटकळ, पण त्यानं लावलेली साच्याची पेटी ओतताना कधी फुटली नाही. आणि मूर्ती घडवायला तळेगाव दाभाड्याहून उद्धवराव मास्तर आले. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली होती, निवृत्त झाल्यावर शाळांना आणि वाचनालयांना पुतळे करून देत. पैसे घेणार नाही म्हणाले. फक्त दोन वेळा चहा आणि कामाच्या खोलीत कुणी विडी ओढायची नाही, एवढी अट.

समाजमंदिराच्या बाजूच्या खोलीत त्यांनी फिरत्या पाटावर लोखंडी पाइप उभा केला, त्याला तारेचा सांगाडा बांधला आणि सांगाड्यातून लाकडाच्या छोट्या छोट्या फुल्या लोंबत सोडल्या. त्यावर शाडू थापायला सुरुवात केली. बघायला गर्दी.

"मास्तर, ह्या फुल्या कशापायी? दृष्ट लागू नये म्हनून?" कुणीतरी विचारलं.

"ओली माती जड असते. आपल्याच वजनानं घसरते. ह्या फुल्या तिला आतून धरून ठेवतात."

"आमच्या गाभ्यात तारा घालतो तसं," दारात उभी असलेली कस्तुरा म्हणाली.

मास्तरांनी वळून पाहिलं. "अगदी तसंच, बाई."

ज्योतीरामनं आपलं म्हणणं पुढं केलं. "मास्तर, जरा मोठं करा हां. पितळ थंड होताना आटतं. फुटामागं दीड सूत, पाव इंचाला जरा कमी."

"ठाऊक आहे. दोन सूत वाढवून घेतलंय."

"दोन कशाला?"

"अर्धं तुमच्या घासण्यासाठी. कानस चालवताना तुमचा हात कसा आहे ते पाहिलंय मी."

सगळे हसले. त्या खोलीत एवढंच हसणं झालं असेल.

खरी अडचण फोटोची होती. जयसिंगचा एकच फोटो, आयटीआयच्या अर्जावरचा, समोरून काढलेला, बोटाच्या पेराएवढा. मास्तर म्हणायचे, "चित्र समोरून बघतात. मूर्तीभोवती माणूस फिरतो. मला ह्याची एक बाजू कळलीय, तीन कुणीतरी सांगा." सांगायला सगळेच तयार. एक म्हणे नाक सरळ, दुसरा म्हणे जरा फुगीर. भिवानं हनुवटी दाखवताना स्वतःचीच हनुवटी धरली आणि तसाच बसून राहिला. पण चपट्या हे नाव कुणी काढलं नाही; गेलेल्या पोराचं व्यंग तोंडावर कोण आणणार? फोटोत डावा कान जरा पुढं दिसत होता. मास्तर म्हणाले, मान थोडी वळवली असणार, आणि त्यांनी दोन्ही कान ओळंब्यानं एका रेषेत घेतले. दहा दिवसांनी मातीत एक देखणा तरुण उभा राहिला. लोक येत, बघत, "हाय, हाय, बरोबर हाय," म्हणत आणि पायताणं घालून निघून जात. ओळख पटलेली नाही, हे मास्तरांना कळत होतं.

"ह्याला लहानपणी हाताळलेलं कुणी आहे का?" त्यांनी एका सकाळी विचारलं.

दहा बोटं एकदम कस्तुराकडं वळली.

ती नाही म्हणाली. शिफ्ट आहे म्हणाली. डोळ्यांनी दिसत नाही म्हणाली. मास्तर म्हणाले, "डोळे मिटूनच या."

गुरुवारी ती आली. मास्तरांनी पाण्याची वाटी पुढं ठेवली. "तेल नको. शाडूला तेल लावलं तर वरची माती खालच्या मातीला धरत नाही. हात ओले करा." तिनं हात ओले केले, डोळे मिटले आणि मातीच्या कपाळावर ठेवले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग अंगठे हलायला लागले. भुवयांच्या वर जरासं सारलं. गालाची हाडं दोन्ही तळव्यांनी वर घेतली. नाकापाशी चिमूट आली, आणि बारा दिवस रोज ओढलेलं ते हाड तिला असं सापडलं की ती मोठ्यानं म्हणाली, "हितं." मास्तर हातातली कोरणी खाली ठेवून नुसते बघत उभे होते. शेवटी तिच्या ओंजळी मागं गेल्या. मास्तरांनी मागची बाजू अंदाजानं सोडली होती. तिनं दोन्ही बाजूंनी माती सारखी केली, वरून खाली, पुन्हा वरून खाली, अंडं धरावं तशी. डाव्या कानामागं तिच्या बोटांनी थोडी जास्तच माती घेतली. गोल झालं. छान गोल झालं. इतक्या वर्षांत तिला असं हलकं वाटलं नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा भिवा समोर उभा होता. "नाक त्याचंच," तो म्हणाला. "नाक त्याचंच हाय, आक्का."

पुढच्या गुरुवारी प्लास्टरचा साचा घ्यायचा ठरलं. शाडूला आता फार दिवस नव्हते. सकाळ-संध्याकाळ ओलं फडकं गुंडाळूनही मानेपाशी बारीक तडे दिसू लागले होते. एकदा साचा घेतला की माती खरवडून काढायची, म्हणजे मूळ मूर्ती संपली, मग बदल नाही. म्हणून आदल्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर भिमाबाईला आणलं. तोवर ती एकदाही आली नव्हती.

ती समोर उभी राहिली. पदर तोंडावर घेतला नाही, रडली नाही. बराच वेळ पाहून म्हणाली, "नाक केलंय चांगलं." मग हळूहळू मागं गेली, हात उचलला आणि डोक्याच्या मागं ठेवला. तिथून तो खाली आला, पुन्हा वर गेला. कस्तुरा भिंतीशी उभी होती, तिनं मान खाली घातली.

"ह्ये कुनाचं डोकं हाय?" भिमाबाईनं विचारलं.

"बाई, काय चुकलं ते सांगा, अजून माती ओली आहे," मास्तर म्हणाले.

"माजा न्हाई ह्यो," ती म्हणाली आणि निघून गेली.

मग पुरुषांची बोलणी सुरू झाली. आईच ती, तिला कुठलाच पटायचा नाही. पुतळा भिंतीला लागूनच बसवायचाय, मागून कोण बघतंय राव? ज्योतीराम म्हणाला, "मास्तर, माती तडकतीय. उद्या साचा घेतला न्हाई तर महिनाभर मागं जाऊ." मास्तरांनी हात पुसले. ते कस्तुरापाशी आले.

"मागं काही राहिलंय का, कस्तुराबाई?"

"न्हाई," ती म्हणाली.

आयुष्यात एवढं मोठं खोटं ती कधी बोलली नव्हती, आणि एवढं छोटंही. एकच शब्द. घरी येऊन तिनं पीठ मळायला घेतलं. भिंतीपलीकडं काहीच आवाज नव्हता. आईला आपलं पोर त्या पितळेत सापडलं नाही, तर ती रोज त्याच्यासमोरून मान फिरवून जाणार. आणि सापडायचं असेल, तर ते सपाट डोकं मातीत यायला हवं. म्हणजे कस्तुरानं ज्यावर कधी बोट ठेवू दिलं नाही, ते समाजमंदिरापुढं उभं राहणार, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं असं. तिनं पीठ झाकलं, हात धुतले आणि शेजारी गेली. दिवे अजून लागायचे होते.

"भिमे, ते डोकं मी गोल केलं."

"कळलं मला."

"मास्तरानं न्हाई. मीच. माती जास्त घेऊन केलं."

भिमाबाई तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवलं नाही.

"तवा मी आले न्हाई," कस्तुरा म्हणाली. "बारा दिस आले, मग आले न्हाई. उशी शिवते म्हनले, ती बी शिवली न्हाई. पोराचं डोकं माज्यामुळं तसं झालं. तू एका शब्दानं बोलली न्हाईस."

"राग हुता की," भिमाबाई म्हणाली. "का नसावा? भिंतीला कान लावून बसायचे मी, आक्का आली का, आक्का आली का. तुजा चमचा वाजायचा, तू यायची न्हाईस. चांगली चार-पाच वरसं राग हुता. मग तू तरी काय करनार हुतीस, दोन पोरी घिऊन." तिनं एक खडा उचलून बाहेर टाकला. "पन ते डोकं कसं चपटं झालं, तुला ठावं न्हाई. मी त्याच्या डाव्या अंगाला निजायचे. उजवीकडं भिंत. तो आख्खी रात डावीकडं, माज्याकडं मान करून. दूध पिऊन झालं तरी तसाच. लोक सांगायचे, कूस बदल, मान फिरव त्याची. मी फिरवली न्हाई. मला तो माज्याकडं बघायला पायजे हुता."

कस्तुरा उंबऱ्यातच खाली बसली.

"माज्याकडं बघून बघून झालंय ते," भिमाबाई म्हणाली. "ते तू गोल केलंस. मग माजं त्यात काय राह्यलं?"

मग भिमाबाईनं सूप बाजूला ठेवलं. "उद्या चपटं कर. आन् मास्तरांना सांग, लाजू नका म्हनावं."

गुरुवारी सकाळी प्लास्टरची पोती आली, ज्योतीराम घमेली घेऊन आला. कस्तुरानं सगळ्यांदेखत सांगितलं. काय झालं होतं, कुणामुळं झालं होतं, काल खोटं का बोलले. ज्योतीरामनं हातातलं घमेलं खाली ठेवलं. मास्तरांनी तारेची कडी तिच्या हातात दिली.

"आधी माती काढा. नुसतं दाबलंत तर ती दुसरीकडं फुगेल, कान सरकेल."

"मास्तर," ती म्हणाली, "बाळाचं डोकं काढून कमी हुत न्हाई. ते दबतं."

मास्तरांनी कडी परत घेतली.

तिनं उजवा हात कपाळाशी धरला आणि डावा तळवा कानामागं टेकवला. जोर लावताना तिचे ओठ हलत होते, बाळाशी बोलतात तसे. माती आतल्या फुल्यांपर्यंत करकरली. मागची गोलाई बसत गेली आणि जे मास्तरांनी सांगितलं तेच झालं. डावा कान पुढं सरकला, डाव्या बाजूचं कपाळ जरासं पुढं आलं, त्याच्याबरोबर भुवई किंचित वर चढली. एका रेषेत घेतलेला चेहरा बारीकसा कलला. आणि समोर बसलेला भिवा ताडकन उभा राहिला.

"जयसिंग!" एवढंच त्याच्या तोंडून आलं.

मास्तरांनी खिशातून तो पेराएवढा फोटो काढला. मातीकडं पाहिलं, पुन्हा फोटोकडं. "मान वळवली नव्हती त्यानं," ते म्हणाले. "कान खरंच पुढं होता. दहा दिवस मी त्याला सरळ करत बसलो." त्यांनी ओळंबा गुंडाळून पिशवीत टाकला आणि कानाची कड कोरणीनं नीट केली. बाकी कशाला हात लावला नाही.

भिमाबाईला बोलवायला कुणी गेलं नव्हतं, ती आपणच आली. सरळ मागं गेली. तळवा त्या सपाट जागेवर ठेवला, आणि मग ती रडली, अकरा महिन्यांत पहिल्यांदा. कस्तुरा तिच्या पाठीमागं उभी राहिली, हात शाडूनं भरलेले, म्हणून तिला धरता येईना.

दुपारी साचा घेतला. माती खरवडून काढली, साच्यात नवं प्लास्टर भरलं, ते घट्ट झाल्यावर वरचा साचा छिन्नीनं थोडा थोडा फोडला. त्या प्लास्टरच्या डोक्यावरून ज्योतीरामनं वाळूचे साचे घेतले, तुकड्यातुकड्यांनी, महिनाभर. आतला गाभा कस्तुराचा. तिनं साच्यातच वाळू ठासून डोक्याएवढं डोकं काढलं आणि चहूकडून दोन सूत खरवडून घेतलं. जेवढं खरवडायचं तेवढंच पितळ जाड होणार. ज्योतीराम म्हणाला, मागं जरा जास्त खरवड, तिथं धातू जाड झाला तर बिघडत नाही. ती म्हणाली, "बिघडतं. आतूनबी तसंच पायजे." गाभा भाजून बाहेर आला तेव्हा तोही डावीकडं मागं सपाट होता, हुबेहूब. पितळ ओतून झाल्यावर तिनंच तो आतून फोडून झटकला.

घासायच्या वेळी तिनं एकच सांगितलं, मागं कानस लावायची नाही. तिथं तळव्याच्या रेषांचा ठसा आला होता. ज्योतीरामनं कानस लावली नाही.

बसवायच्या आदल्या दिवशी चौथरा पाहायला दोघी गेल्या. भिंतीला चिकटून बांधला होता, विटांचा, गिलावा अजून ओला. चाळीच्या कमिटीचा हिंदुराव तिथंच पाणी मारत होता. त्याला वाटलं, बायका कौतुक करतील.

"हिंदुरावभाऊ, ह्यो फोडा," कस्तुरा म्हणाली.

"काय म्हनता मावशी! कालच बांधलाय!"

"भिंतीपासनं दोन हात पुढं घ्या. मागनं मानूस गेलं पायजे."

"मागनं कोन जातंय?"

कस्तुरानं भिमाबाईकडं बोट केलं. हिंदुरावनं भिमाबाईकडं पाहिलं, हातातली पाण्याची नळी खाली टाकली, आणि आत जाऊन पहार घेऊन आला.